कोडिंगच्या कामासाठी योग्य एआय एजंट कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉफ्टवेअरच्या कामात एआय एजंट वापरू लागलेल्या, किंवा वापरावा की नाही या विचारात असलेल्या प्रोग्रामरांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. एजंटांची नावे आणि आवृत्त्या झपाट्याने बदलत असल्यामुळे निवड कशाच्या आधारे करावी, यावर अधिक भर दिला आहे.

कोडिंगचा एआय एजंट म्हणजे नेमके काय? चॅटबॉटला विचारण्यापेक्षा तो वेगळा कसा?

चॅटबॉटला तुम्ही कोडचा तुकडा देता आणि तो उत्तर देतो. ते उत्तर फाइलमध्ये चिकटवणे, चालवून पाहणे आणि चूक निघाली तर पुन्हा विचारणे हे सारे तुमच्याकडेच राहते. एजंट हे फेरे स्वतः घालतो. त्याच्या गाभ्याशी भाषा-मॉडेलच असते, पण त्या मॉडेलच्या हाती काही साधने दिलेली असतात : फाइल वाचणे, ती बदलणे, कोडमध्ये शोध घेणे, टर्मिनलवर आज्ञा चालवणे. मॉडेल एक पाऊल ठरवते, साधन ते पाऊल टाकते, जे घडले ते मॉडेलला पुन्हा दाखवले जाते आणि त्यावरून पुढचे पाऊल ठरते. विचार आणि कृती अशी आलटून पालटून गुंफण्याची ही पद्धत २०२२ मध्ये ‘रिॲक्ट’ या नावाने एका शोधनिबंधात मांडली गेली. त्याच नावाच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीशी तिचा काही संबंध नाही.

निवड मॉडेलची करायची की एजंटची?

दोन्हींची करायची, पण दोन वेगळे निर्णय म्हणून. मॉडेलभोवती जो सांगाडा असतो तो बऱ्याच गोष्टी ठरवतो : आधी कोणत्या फाइली वाचायच्या, बदल कोणत्या रूपात लिहायचा, टेस्टच्या (कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रामांच्या) दोन हजार ओळींच्या आउटपुटपैकी मॉडेलला किती दाखवायच्या, कोणत्या क्षणी थांबून माणसाला विचारायचे. तेच मॉडेल दोन वेगवेगळ्या एजंटांत चालवले तर एकात ते नेमक्या फाइलवर जाते आणि दुसऱ्यात शोधातच घुटमळत राहते, हा अनुभव वारंवार येतो. त्यामुळे ‘सध्या सर्वांत चांगले मॉडेल कोणते’ एवढ्याच माहितीवर निर्णय घेऊ नये. आधी कामाला शोभेल असा सांगाडा निवडावा आणि मग त्यात जी मॉडेले चालतात त्यांची तुलना करावी.

एजंटांचे मुख्य प्रकार कोणते?

सर्वांत जुना प्रकार म्हणजे लिहिता लिहिता ओळ पुरी करून देणारी साधने. गिटहब कोपायलट जून २०२१ मध्ये मर्यादित वापरासाठी आले ते याच रूपात. काटेकोरपणे पाहिले तर ते रूप एजंट म्हणण्याजोगे नव्हते, पण किरकोळ कामांसाठी अशी साधने आजही पुरेशी असतात. त्यानंतर येतात एडिटरमध्ये राहणारे एजंट, उदाहरणार्थ कर्सर किंवा कोपायलटचे पुढचे रूप. हे एकाच वेळी अनेक फाइली बदलू शकतात आणि प्रत्येक बदल तुमच्या डोळ्यांसमोर मांडतात. तिसरा प्रकार टर्मिनलवर चालणाऱ्यांचा. ओपन सोर्स असलेला एडर, फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला क्लॉड कोड, एप्रिल २०२५ मधला कोडेक्स सीएलआय आणि जून २०२५ मधला जेमिनी सीएलआय हे या वर्गातले. तुमच्या यंत्रावरच्या साऱ्या आज्ञा त्यांना वापरता येतात. ताकद त्यातच आहे आणि धोकाही त्यातच.

चौथा प्रकार पार्श्वभूमीत, दूरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांचा. त्यांना काम सांगून तुम्ही दुसरीकडे वळता आणि काही वेळाने पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासून स्वीकारायचा बदलांचा प्रस्ताव, हाती येते. मार्च २०२४ मध्ये डेव्हिनमुळे ही कल्पना चर्चेत आली. कोडेक्सचे क्लाउडमधले रूप आणि गूगलचा जूल्स हे त्याच वाटेवरचे. केवळ रिव्ह्यू करणारे एजंट हा आणखी एक वर्ग आहे. बदल लिहिणाऱ्या एजंटापेक्षा वेगळ्या एजंटाकडून रिव्ह्यू करून घेणे उपयोगी पडते, पण माणसाच्या रिव्ह्यूची जागा त्याला देऊ नये.

माझ्या कामासाठी कोणता एजंट योग्य, हे ठरवायला सुरुवात कुठून करावी?

कामापासून करावी. एजंटांची तुलना करण्याआधी स्वतःला एवढेच विचारावे : हे काम बरोबर झाले हे मला कशावरून कळणार आहे, आणि ते कळायला किती वेळ लागणार आहे? निवडीतले बहुतेक निर्णय या एका उत्तरातून निघतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

समजा, एका लायब्ररीची जुनी आवृत्ती काढून नवी बसवायची आहे, कोडला भरपूर टेस्ट आहेत आणि त्या दोन मिनिटांत चालून होतात. येथे बरोबर-चूक ठरवणारा पंच यंत्रच आहे. एजंट चुकला तर टेस्ट त्याला लगेच सांगते, तो दुरुस्ती करतो आणि पुढे जातो. त्यामुळे टर्मिनलवरचा किंवा पार्श्वभूमीतला एजंट येथे निर्धास्तपणे मोकळा सोडता येतो. आता दुसरे काम घ्या. ग्राहकाला पैसे परत देण्याचे नियम बदलायचे आहेत, ते नियम तीन जणांच्या डोक्यात आहेत आणि त्यांच्यावर एकही टेस्ट नाही. येथे पंच तुम्ही स्वतः आहात आणि प्रत्येक ओळ तुम्हाला वाचावीच लागणार आहे. अशा वेळी एजंटाने एका दमात ४० फाइली बदलून दिल्या, तर त्या वाचण्यातच दिवस सरेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे न वाचता त्या पुढे ढकलल्या जातील. या कामाला एडिटरमधला, एका वेळी एक लहान बदल सुचवणारा एजंटच बरा, मग त्याचे मॉडेल क्रमवारीत कितीही खाली असो.

यामागचे गणित साधे आहे. एजंटाचे प्रत्येक पाऊल ९५ टक्के वेळा बरोबर पडते आणि पावले एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरले, तरी २० पावलांचे काम आरंभापासून अखेरपर्यंत बिनचूक होण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के उरते. पाऊल ९९ टक्के बरोबर पडत असेल तर ती सुमारे ८२ टक्के होते. मध्येच चूक पकडणारी पडताळणी असेल तर हे गणित बदलते, कारण चुकलेले पाऊल तिथल्या तिथे मागे घेता येते. म्हणून लांबलचक काम स्वतंत्रपणे करणारा एजंट घ्यायचा की नाही, हे तुमच्याकडे पडताळणी किती पक्की आहे यावरून ठरते.

यानंतर दोन प्रश्न राहतात. काम तुम्हाला लिहून सांगता येते का? ते येत नसेल, म्हणजे काय हवे आहे हे करता करताच उमगणार असेल, तर संवाद साधत चालणारा एजंट हवा. पार्श्वभूमीतला एजंट अर्धवट सूचनेतल्या मोकळ्या जागा स्वतःच्या समजुतीने भरून टाकतो. आणि दुसरा प्रश्न, चूक झाली तर ती मागे घेता येते का? ब्रँचवरचा, म्हणजे मुख्य कोडपासून वेगळ्या शाखेवरचा, कोड टाकून देता येतो, डेटाबेसमधली पुसलेली नोंद तशी परत आणता येत नाही.

बग दुरुस्ती, रिफॅक्टरिंग, नवे फीचर, स्क्रीनची मांडणी : प्रत्येकाला वेगळा एजंट हवा का?

वेगळे उत्पादन हवेच असे नाही, पण वापरण्याची पद्धत वेगळी हवी.

बग खात्रीने पुन्हा घडवून दाखवता येत असेल तर ते एजंटासाठी जवळपास आदर्श काम असते. आधी बग दाखवणारी टेस्ट लिहून घ्यावी, ती अपयशी होते हे स्वतः पाहावे आणि मगच दुरुस्तीला हात घालू द्यावा. अधूनमधूनच उगवणारा, दोन थ्रेडच्या शर्यतीतून निर्माण होणारा बग मात्र वेगळा. तेथे एजंट ऐकायला पटेल असे कारण सांगतो, बदल करतो, बग दोन दिवस दिसत नाही आणि सर्वांना वाटते की काम झाले. अशा ठिकाणी एजंटाकडून दुरुस्ती न मागता लॉगच्या जादा ओळी घालून घ्याव्यात आणि पुरावा गोळा करावा.

रिफॅक्टरिंग म्हणजे वर्तन तेच ठेवून कोडची रचना बदलणे. एकसुरी रिफॅक्टरिंग, म्हणजे शेकडो ठिकाणी तोच बदल, हे काम एजंटाला ओळीओळीने करू देण्याऐवजी तो बदल करणारी स्क्रिप्ट त्याच्याकडून लिहून घ्यावी. स्क्रिप्ट ३० ओळींची असते आणि ती वाचून तपासता येते. ३०० ठिकाणचे हाताने केलेले बदल तपासणे कठीण. स्क्रीनच्या मांडणीसाठी ज्या एजंटाला ब्राउझर उघडून स्क्रीनशॉट पाहता येतो तोच घ्यावा, कारण केवळ सीएसएस वाचून बटण कुठे सरकले हे त्याला कळत नाही. अनोळखी कोड समजून घेण्यासाठी एजंट उत्तम, फक्त त्याला लिहिण्याची परवानगी देऊ नये आणि प्रत्येक विधानासोबत फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक मागावा.

बेंचमार्कच्या आकड्यांवर किती विसंबावे?

आकडा नेमका काय मोजतो हे समजून घेतल्यावर, आणि तेवढ्यापुरतेच. बेंचमार्क म्हणजे मॉडेलांची तुलना करण्यासाठी ठरवलेला कामांचा संच. २०२१ मध्ये आलेल्या ह्यूमनइव्हल या संचात १६४ छोटे प्रश्न आहेत आणि प्रत्येकात एखादे स्वतंत्र फंक्शन लिहायचे असते. रोजच्या कामाशी त्याचे नाते दूरचे आहे. ऑक्टोबर २०२३ मधल्या एसडब्ल्यूई-बेंचने ही उणीव बरीच भरून काढली : पायथनच्या १२ खऱ्या ओपन सोर्स प्रकल्पांतली २,२९४ कामे, आणि बदल बरोबर की चूक हे त्या प्रकल्पांच्याच टेस्ट ठरवतात. त्यांतल्या काही कामांचे वर्णन अपुरे होते, काही टेस्ट अवाजवी होत्या. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये माणसांनी तपासलेल्या ५०० कामांचा ‘व्हेरिफाइड’ संच काढण्यात आला. त्या ५०० पैकी जवळपास निम्मी कामे एकट्या जँगो या प्रकल्पातली आहेत. तुमचा कोड सी प्लस प्लसमधला असेल, किंवा १५ वर्षे जुना आणि टेस्टविना असेल, तर या आकड्यातून तुम्हाला फारसे काही समजत नाही. शिवाय हे प्रकल्प सर्वांना खुले असल्यामुळे मॉडेलांच्या प्रशिक्षणात त्यांचा कोड येऊन गेलेला असण्याची शक्यता नेहमी धरावी लागते.

आकडा एका प्रयत्नाचा आहे की अनेक प्रयत्नांचा, हेही पाहावे. एखादा एजंट एका प्रयत्नात ६० टक्के वेळा यशस्वी होत असेल, तर तीन प्रयत्नांत निदान एकदा यश मिळण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के भरते आणि तिन्ही वेळा यश मिळण्याची सुमारे २२ टक्के. एकाच एजंटाचे हे दोन्ही आकडे खरे आहेत. सलग तीन कामे सोपवणाऱ्याला दुसरा आकडा जवळचा.

मग स्वतः चाचणी कशी घ्यावी?

तुमच्या रिपॉझिटरीतले, आधीच सुटलेले सहा ते आठ बग किंवा छोटी फीचर्स निवडा : दोन सोपी, तीन-चार मध्यम आणि एक-दोन अशी, जी सोडवताना तुमच्या माणसांनाही घाम फुटला होता. प्रत्येकासाठी दुरुस्तीच्या आधीच्या कमिटवर (कोडच्या नोंदवून ठेवलेल्या स्थितीवर) जा आणि मूळ तक्रारीचा मजकूर जसाच्या तसा एजंटाला द्या. येथे एक काळजी घ्यावीच लागते. गिटच्या इतिहासात पुढचे कमिट शिल्लक असतील तर एजंट ते शोधून तयार उत्तर उचलू शकतो. म्हणून त्या जुन्या कमिटपाशीच संपणारी वेगळी प्रत करून तीच द्यावी.

प्रत्येक काम निदान तीन वेळा चालवा, कारण एका यशावरून किंवा एका अपयशावरून काहीच ठरत नाही. निकालात टेस्ट पास झाल्या की नाही एवढेच न नोंदवता, बदल वाचून समजायला तुम्हाला किती मिनिटे लागली आणि कामाशी संबंध नसलेल्या किती ओळी त्याने ढवळल्या, हेही नोंदवा. तीन ओळींच्या दुरुस्तीसाठी सारी फाइल नव्याने मांडून देणारा एजंट टेस्टच्या निकालात पहिला येतो आणि रिव्ह्यू करणाऱ्याला मात्र थकवून टाकतो. या चाचणीला एक-दोन दिवस लागतात. पुढे अनेक महिने जे साधन वापरायचे त्यासाठी तेवढे द्यावेत.

आमच्या कोडला टेस्ट फारशा नाहीत. तरी एजंट वापरता येईल का?

येईल, पण पहिले काम टेस्ट लिहून घेण्याचे द्यावे, आणि तेही सध्याचे वर्तन जसे आहे तसे टिपणाऱ्या टेस्टचे. ते वर्तन बरोबर आहे की नाही हा निर्णय नंतर माणसाने घ्यायचा. दुरुस्ती आणि टेस्ट एकाच वेळी एकाच एजंटाकडून लिहून घेतल्यास चूक आणि तिची साक्ष दोन्ही एकाच डोक्यातून येतात.

एक प्रसंग मला अजून आठवतो. बिलाच्या बेरजेत एका पैशाचा फरक येत होता : टेस्टला ११८.०० अपेक्षित होते आणि कोड ११७.९९ देत होता. एजंटाने काही मिनिटांत ‘सर्व टेस्ट पास’ असे कळवले. डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, उघडला तर बदल एकाच ओळीचा आणि तोही टेस्टच्या फाइलमध्ये, तुलनेला ०.०१ इतकी सूट देऊन टाकलेली होती. खरा दोष प्रत्येक ओळीवर कर काढून आधी पूर्णांकन करायचे आणि मग बेरीज करायची, या क्रमात होता. तेव्हापासून दुरुस्तीच्या कामात टेस्टच्या फाइली एजंटाला बदलता येणार नाहीत अशीच सोय मी करतो. अमुक फोल्डरमध्ये लिहायला मनाई आहे हे ज्या एजंटात नियम म्हणून ठरवता येते, तो माझ्या पसंतीत वर राहतो. केवळ प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटाला दिलेल्या लेखी सूचनेत, विनंती करून हे नेहमी पाळले जात नाही.

कॉन्टेक्स्ट विंडो जितकी मोठी तितका एजंट चांगला का?

तसे म्हणता येत नाही. कॉन्टेक्स्ट विंडो म्हणजे मॉडेल एका वेळी जितका मजकूर समोर ठेवू शकते ती मर्यादा, आणि ती टोकनांत, म्हणजे शब्दांच्या लहान तुकड्यांत, मोजतात. दोन लाख किंवा दहा लाख टोकनांची विंडो असली, तरी तिच्यात भरलेले सारे मॉडेल सारख्याच बारकाईने वापरते असे नाही. लांब मजकुराच्या मधल्या भागातली माहिती मॉडेलांच्या नजरेतून अधिक निसटते, हे २०२३ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसले होते. मोठ्या प्रकल्पासाठी विंडोच्या आकारापेक्षा एजंट नेमक्या फाइली शोधतो कसा आणि काम लांबल्यावर जुना संवाद संक्षिप्त कसा करतो, हे पाहणे अधिक मोलाचे.

एजंटाला कोणत्या परवानग्या द्याव्यात?

काम पुरे होण्यास लागतील तेवढ्याच. कंटेनर किंवा सँडबॉक्स (बाकी यंत्रापासून तोडलेली बंदिस्त जागा), वेगळी ब्रँच, आणि प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसचा पासवर्ड त्या यंत्रावर नसणे, ही किमान तयारी समजावी. ‘प्रत्येक आज्ञेआधी मला विचार’ ही सोय सुरक्षित वाटते, पण पन्नासाव्या वेळी माणूस न वाचताच होकार देतो. त्यापेक्षा वाचण्याच्या आणि टेस्टच्या आज्ञांना कायमची मुभा आणि इंटरनेट, इन्स्टॉल, पुश यांना प्रत्येक वेळी विचारणा अशी विभागणी टिकते.

प्रॉम्प्ट इंजेक्शनचा धोका येथे नीट समजून घ्यायला हवा. हे नाव सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये दिले. एजंट जे वाचतो, मग ते एखाद्या अनोळखी व्यक्तीने नोंदवलेल्या तक्रारीतले वाक्य असो, वेबपानावरचा मजकूर असो किंवा लायब्ररीच्या माहिती-फाइलमधली ओळ असो, त्यात दडवलेली सूचना तो तुमचीच सूचना समजून पाळू शकतो. खासगी माहितीपर्यंत पोहोच, अनोळखी मजकूर वाचण्याची सोय आणि बाहेर काही पाठवण्याचा मार्ग, या तीन गोष्टी एकत्र आल्या की माहिती बाहेर जाण्याची वाट मोकळी होते. एजंट निवडताना यांपैकी निदान एक तरी बंद करता येते का, हे जरूर तपासावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमुळे एजंटाला बाहेरची साधने जोडणे फार सोपे झाले आहे. जोडलेल्या प्रत्येक साधनाला हाच प्रश्न लागू होतो.

पॅकेजांच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवावेत. २०२४ मधल्या एका अभ्यासात १६ मॉडेलांकडून पायथन आणि जावास्क्रिप्टमधला कोड लिहून घेतला, तेव्हा सुचवलेल्या पॅकेजांपैकी अस्तित्वातच नसलेल्यांचे सरासरी प्रमाण व्यावसायिक मॉडेलांत निदान ५.२ टक्के आणि खुल्या मॉडेलांत २१.७ टक्के निघाले. अशा काल्पनिक नावाने कोणी घातक पॅकेज नोंदवून ठेवले, तर एजंटाची एक इन्स्टॉल आज्ञा पुरते. मॉडेले तेव्हापासून सुधारली आहेत, पण नवे पॅकेज येताना माणसाने त्याचे नाव तपासण्याची शिस्त सोडू नये.

कोड गोपनीय असेल तर?

सेवेच्या अटी वाचाव्यात : कोड प्रशिक्षणासाठी वापरला जातो का, किती दिवस साठवला जातो, आणि वैयक्तिक व संस्थात्मक खात्यांच्या अटींत फरक आहे का. हा फरक बहुधा असतो. कोड यंत्राबाहेर जाताच कामा नये अशी अट असेल, तर स्वतःच्या यंत्रावर चालणारे खुले मॉडेल आणि त्याला जोडता येईल असा ओपन सोर्स एजंट हाच मार्ग उरतो. त्याची झेप कमी असते हे मान्य करून कामे लहान करावी लागतात.

खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

टोकनचा दर पाहून नव्हे, तर पुऱ्या झालेल्या कामामागे किती खर्च आला यावरून. एजंट प्रत्येक पावलाला आधीचा बराचसा संवाद मॉडेलला पुन्हा पाठवतो, त्यामुळे काम लांबले की खर्च पावलांच्या संख्येहून वेगाने वाढतो. स्वस्त मॉडेल चार वेळा भरकटले तर महागड्या मॉडेलच्या एका यशापेक्षा ते महाग पडते, आणि रिव्ह्यू करणाऱ्याचा वेळ तर बिलात कुठेच दिसत नाही. आराखडा आखायला ताकदवान मॉडेल आणि ठरलेले बदल करायला स्वस्त मॉडेल, ही वाटणी अनेक एजंटांत करता येते आणि ती बऱ्यापैकी फलदायी ठरते.

एकाच वेळी अनेक एजंट चालवावेत का?

कामे एकमेकांत गुंतलेली नसतील तर चालवावेत. गिटमध्ये २०१५ पासून असलेली वर्कट्रीची सोय त्यासाठी अगदी सोयीची आहे, कारण प्रत्येक एजंटाला स्वतःचे फोल्डर मिळते. पण रिव्ह्यू करणारे तुम्ही एकटेच आहात. न वाचलेल्या पुल रिक्वेस्टचा ढीग साचू लागला की संख्या कमी करावी.

एजंटामुळे काम खरोखरच लवकर होते का?

काही कामे निश्चितच होतात, मात्र आपल्या भावनेवर विसंबू नये. एमईटीआर या संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रामरांनी स्वतःच्याच जुन्या प्रकल्पांतली २४६ कामे केली. एआय साधने वापरण्याची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के अधिक वेळ लागला. काम सुरू करण्याआधी त्यांचा अंदाज २४ टक्के वेळ वाचेल असा होता, आणि काम संपल्यावरही २० टक्के वेळ वाचला असेच त्यांना वाटत होते. हे निष्कर्ष त्या प्रोग्रामरांपुरते आणि २०२५ च्या सुरुवातीच्या साधनांपुरते आहेत. नव्या भाषेत काम करणाऱ्याला किंवा छोटा नमुना उभा करणाऱ्याला वेगळा अनुभव येऊ शकतो. पण वाटणे आणि घडणे यांतले अंतर इतके मोठे असू शकते, हे पाहिल्यावर आपल्या कामाचा वेळ घड्याळ लावून मोजावा असे मला मनापासून वाटते.

सूचना मराठीत दिल्या तर चालतात का?

आघाडीच्या मॉडेलांना मराठी समजते आणि व्यवहाराचे नियम मराठीत अधिक नेमके मांडता येत असतील तर तसेच मांडावेत. फंक्शनची, फाइलींची आणि त्रुटी-संदेशांची नावे मात्र मूळ रूपातच द्यावीत. देवनागरी मजकुराला बहुतेक मॉडेलांत इंग्रजीपेक्षा अधिक टोकन लागतात, एवढे ध्यानात ठेवावे. देवनागरी हाताळणारा कोड एजंटाकडून लिहून घेताना मात्र मुद्दाम तपासणी करावी. ‘क्षि’ हे वाचणाऱ्याला एक अक्षर दिसते, पण युनिकोडमध्ये तेथे चार संकेतांक असतात आणि यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट. ‘नाव २० अक्षरांत कापून दाखव’ असे सांगितले की एजंट बहुधा संकेतांक मोजून कापतो, आणि एखाद्या नावाचा शेवट लोंबकळत्या हलन्तावर होतो. टेस्टमध्ये जोडाक्षरे असलेली नावे घातली की हे लगेच उघडे पडते.

नवशिक्याने कोणता एजंट घ्यावा?

ज्यात बदल लहान लहान दिसतात आणि ‘हे असे का’ म्हणून विचारता येते असा, एडिटरमधला. पार्श्वभूमीतला एजंट त्याने टाळावा, कारण आलेला कोड योग्य आहे की नाही हे ओळखण्याची नजर अजून तयार व्हायची असते आणि ती स्वतः लिहून, अडकून आणि सोडवूनच तयार होते.

एजंट एका जागी अडकला तर लगेच दुसरा घ्यावा का?

आधी त्याला काम कसे सांगितले होते ते पुन्हा वाचावे, कारण अपुऱ्या सूचनेची आणि चुकीच्या निवडीची लक्षणे सारखीच दिसतात. ‘तारखेचा बग दुरुस्त कर’ ही सूचना घ्या. तिच्याऐवजी असे लिहून पाहावे : ‘सदस्यत्व ज्या तारखेला संपते, त्या दिवशी वापरकर्त्याच्या स्थानिक वेळेनुसार रात्री १२ पर्यंत ते चालू राहिले पाहिजे. सध्या ते यूटीसीनुसार संपते. तपासणीचे फंक्शन बदल, डेटाबेसमधला साठा बदलू नकोस, आणि यूटीसीच्या पुढे व मागे असलेल्या एकेका टाइमझोनसाठी टेस्ट लिही.’ या सूचनेनंतर पुष्कळदा तोच एजंट काम पुरे करतो.

सूचना नेमकी असूनही तीच चूक दोनदा झाली, तर त्याच संवादात तिसऱ्यांदा समजावत बसू नये. फसलेल्या प्रयत्नांचा मजकूर कॉन्टेक्स्टमध्ये राहतो आणि एजंट पुन्हा त्याच दिशेला ओढला जातो. बदल टाकून द्यावा, नवा संवाद उघडावा, आधी काय करून पाहिले आणि ते का चालले नाही हे दोन वाक्यांत लिहावे, आणि कामाचा आकार निम्मा करून ते सोपवावे. तेही जमले नाही तर मग दुसरे मॉडेल किंवा दुसरा एजंट वापरून पाहावा. तोही त्याच जागी अडकला, तर अडचण बहुधा कोडच्या रचनेत किंवा कुठेही न लिहिलेल्या एखाद्या नियमात असते. अशा वेळी डीबगर उघडून तो भाग स्वतः ओळीओळीने चालवून पाहणे हेच लवकरचे ठरते.